गोल बुनमीने केला

थायलंडमधल्या एका फुटबॉल क्लबने आमच्या काकांना फसवलं. काकांनी मला फसवलं. आणि या दोन्ही व्यवहारांत मध्यस्थ मी होते. आयुष्यात कधी उलटसुलट करून पाहिल्याशिवाय मी माल उचललेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणूनच हे मला अजून पचत नाही.

काका नात्याने माझे कोणी नव्हेत. गिरगावातल्या एका वाडीच्या तोंडाशी माझं कपड्यांचं दुकान आहे, त्या इमारतीचे ते मालक. आडनाव सांगत नाही, गिरगावात लगेच ओळखतील. घराणं जुनं. आजोबा, पणजोबा सगळे कचेऱ्यांतून मोठे कारकून, शिवाय ही इमारत. मी घोडपदेवची. नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये जिने चढून दारोदार गाऊन विकले, मग लालबागला फुटपाथवर बसले, मग एवढे दिवस घासून घासून गाळा घ्यायच्या लायकीची झाले. काकांकडे गाळा रिकामा आहे असं कळलं तेव्हा मी फोन केला. ते म्हणाले, ‘‘उद्या अकराला ये.’’

मी अकराला पाच कमी असताना दारात उभी. आत, खाली धोतर आणि वर कसल्यातरी मातकट रंगाचा खेळाडूंचा टी-शर्ट अशा वेषात एक उंच म्हातारा जेवत बसलेला.

‘‘दीड तास उशीर,’’ ते म्हणाले.

‘‘कुणाला?’’

‘‘तुला. अकराला बोलावलं होतं. आता साडेबारा होत आले.’’

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. खरंच साडेबाराला पाच कमी. मी माझं मनगट त्यांच्यापुढे धरलं. माझा आवाज चढलाच. मी म्हटलं, गाळा द्यायचा नसेल तर नका देऊ, पण माझं घड्याळ चुकीचं म्हणू नका, रोख देऊन घेतलंय. काकांनी शांतपणे ताक प्यायलं आणि म्हणाले, ‘‘तुझं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. माझं तिकडचं आहे.’’

तिकडचं म्हणजे थायलंडचं. तिथे आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतात. काका तिथून परत आले त्याला तेव्हाच चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण घड्याळ त्यांनी परत आणलंच नव्हतं. मॅचची वेळ चुकू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. वाडीला याची सवय झाली होती. पेपरवाला ‘काकांचे सात’ म्हणजे पहाटे साडेपाच हे जाणून होता. लग्नाच्या मुहूर्ताला काका दीड तास आधी जाऊन बसत आणि केटररशी भांडत.

भाड्याचं मी जे म्हटलं ते त्यांनी ऐकलं आणि ‘बरं’ म्हणाले. घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. मी विचारलं, ‘‘यात गोम काय आहे?’’

‘‘तू माल कुठून आणतेस?’’

‘‘बँकॉकहून. लहान मुलांचे फ्रॉक, बायकांचे टॉप.’’

काका ताटावरून उठलेच. हात न धुताच म्हणाले, ‘‘मग भाडं राहू दे तुझ्या मनासारखं. पण प्रत्येक खेपेला तिथले खेळाच्या पानाचे पेपर आणायचे. आणि एक बाटली माशाचं खारं पाणी.’’

अशा अटींवर मला गिरगावात दुकान मिळालं. वर्षानुवर्षं मी बॅगेत फ्रॉकमध्ये गुंडाळून ती वासाची बाटली आणली. काका त्यात हिरवी मिरची चिरून टाकत आणि तिन्ही त्रिकाळ भातावर घेत. वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातून ओरडत, ‘‘काका, काहीतरी मेलंय तुमच्याकडे!’’ काका खालून उत्तर देत, ‘‘मेलंय, पण दोन वर्षांपूर्वी. आता मुरलंय.’’

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांत कळली. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा ते दुकानात येऊन स्टुलावर बसत आणि मध्येच कुठूनही सुरू करत.

तरुणपणी काका परळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे भात भरडायच्या गिरण्यांची यंत्रं बनत. थायलंडमध्ये एका नदीकाठच्या गावात गिरणी उभी करायची होती, म्हणून फिटर लोकांबरोबर सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काकांना पाठवलं. सहा महिन्यांसाठी गेले आणि तीन वर्षं राहिले.

गिरणीपुढे भात वाळवायचं सिमेंटचं मोठं खळं होतं. होड्यांतून पोती उतरवणारे हमाल संध्याकाळी त्या खळ्यावर अनवाणी फुटबॉल खेळत. भात पसरलेला असला की खेळ बंद, भात उचलला की सुरू. मालकाने पाहिलं आणि विचार केला, दारू पिण्यापेक्षा हे बरं. त्याने गोणपाटाच्या रंगाचे सदरे शिवून दिले. झाली टीम. गावाने नाव ठेवलं ‘पोतेवाले’. त्या नावानेच तो क्लब आजही ओळखला जातो.

‘‘तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात?’’ मी विचारलं होतं.

‘‘मी लिहायचो.’’

काकांना बॉल लाथाडता येत नसे. पण तीन पिढ्यांची कारकुनी रक्तात. कोण खेळायला आला, बॉल कुणाचा, गोल कुणी केला, कुणाचा अंगठा फुटला, सगळं ते मुंबईहून नेलेल्या लांबट लाल वहीत मराठीत लिहीत. तिथल्या कुणालाच लिहायचं सुचलं नाही. काकांना सुचलं नाही असं कधी झालंच नाही. आमच्या वाडीत कुठल्या घरी कोणत्या दिवशी पाण्याचा टँकर आला हेसुद्धा त्यांच्याकडे लिहिलेलं सापडे.

त्या काळी तिकडेही फुटबॉल म्हणजे कचेऱ्यांचा फुटबॉल. पोलिसांची टीम, रेल्वेची टीम, साखर कारखान्याची टीम. आपल्याकडे बँकांच्या, बंदराच्या, कापडगिरण्यांच्या असत तशाच. काका परत आले तेव्हा दोन्हीकडे सारखंच होतं. नंतर आपल्याकडच्या टीम एकेक करून बंद झाल्या. तिकडे मात्र उलटं झालं. गिरणीमालकाचा मुलगा रस्त्यांची कंत्राटं घेऊन मोठा झाला, निवडणुकीला उभा राहिला आणि निवडूनही आला. देशात पगारी खेळाडूंची लीग सुरू झाली तेव्हा त्याने हमालांच्या टीमची कंपनी केली. खळ्यावर हिरवळ लावली. शेजारी स्टेडियम बांधलं. पोतेवाले सगळ्यात खालच्या वर्गात शिरले, एक पायरी वर गेले, पुन्हा एक खाली घसरले, मग दोन वर चढले. ब्राझीलचा एक, जपानचा एक खेळाडू आला. मूळ गिरणी केव्हाच बंद पडली होती, पण सदऱ्याचा रंग गोणपाटाचाच राहिला.

हे सगळं काकांनी गिरगावात बसून पाहिलं. आधी गिरणीचा फोरमन मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्रं पाठवी. मग माझे पेपर. मग मी त्यांना मोबाईलवर मॅच लावून द्यायला शिकवलं, आणि तेव्हापासून शनिवारी दुपारी आमच्या वाडीत थाई कॉमेंट्री ऐकू येऊ लागली.

पोतेवाले पहिल्यांदा सगळ्यात वरच्या वर्गात गेले तेव्हा काकांनी वाडीभर पेढे वाटले. लोक विचारत, ‘‘कोण पास झालं, काका?’’

‘‘आम्ही.’’

‘‘आम्ही म्हणजे?’’

‘‘वरच्या वर्गात गेलो.’’

वरच्या वहिनींनी पेढा तोंडात टाकून मला हळूच विचारलं, ‘‘या वयात कसली परीक्षा दिली गं यांनी?’’

आता बुनमीचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

बुनमी हा गिरणीतला हमाल. दुसऱ्या कुठल्या तरी कोरड्या मुलखातून पोट भरायला आलेला. एका वेळी दोन पोती उचलणारा. काकांना थाई भाषा त्याने शिकवली. काकांना मलेरिया झाला तेव्हा गावात पूर होता. बुनमीने काकांना पाठीवर टाकलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून दवाखान्याच्या होडीपर्यंत नेलं. ‘‘पोत्यासारखा नेला. वाटेत दोनदा खांदा बदलला,’’ काका सांगत. पुढे होडीच्या फळीवरून पाय घसरून बुनमीची कंबर मोडली. गिरणीने त्याला दोन पोती तांदूळ देऊन गावी पाठवलं. कुठल्या गावी, ते काकांनी विचारून ठेवलं नाही. एवढं सगळं लिहिणारा माणूस, पण तेवढंच लिहायचं राहिलं. ते सांगताना काका दरवेळी चष्मा पुसत.

पोतेवाल्यांचा सगळ्यात पहिला सामना पोलिसांशी झाला. तो पोतेवाल्यांनी एका गोलने जिंकला. तिथूनच क्लबचा जन्म मानतात. त्या दिवसाचं पान काकांनी मला इतक्या वेळा वाचून दाखवलं की माझं पाठ आहे:

‘आज खळ्यावर सामना. समोर पोलीस. बॉल पोस्टमास्तरांचा. मालकांचे चिरंजीव अर्ध्या तासात दमले, बाहेर खुर्चीवर बसले, त्यांना उसाचा रस दिला. शेवटी शेवटी बुनमी हमालाच्या गुडघ्याला लागून बॉल आत गेला. पोलीस म्हणाले, हात लागला. हात लागला नाही, मी पाहिले. आपण एक, पोलीस शून्य.’

करोनाची भानगड संपल्यावर मी पुन्हा बँकॉकला जाऊ लागले. त्यातल्या एका खेपेला काकांनी नवा टी-शर्ट मागितला, आणि तो क्लबच्या दुकानातलाच हवा असा हट्ट धरला. अर्धा दिवस बसने प्रवास करून मी त्या गावी गेले. स्टेडियमच्या दारात फुटबॉल मारणाऱ्या एका माणसाचा पितळी पुतळा होता. तो कोण, हे मी विचारलं नाही. मला टी-शर्टचा भाव पाडायचा होता. दोन डझन घेते, दर काय लावाल, असं दुकानातल्या मुलीशी चाललेलं असताना मी बोलता बोलता म्हटलं, आमच्याकडे एक म्हातारे आहेत, त्यांच्याकडे तुमच्या पहिल्या तीन वर्षांची वही आहे.

मुलीने फोन उचलला. दहा मिनिटांत क्लबचे सेक्रेटरी धावत आले. पन्नाशीचा, अत्यंत सभ्य, चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस. त्याने मला थंड चहा दिला आणि सांगितलं की जुन्या पुरात त्यांचे सगळे कागद गेले. क्लबला पन्नास वर्षं होतायत, म्युझियम उभं राहतंय, आणि पहिल्या तीन वर्षांचं त्यांच्याकडे एक चिटोरंही नाही.

हे ऐकून माझ्यातली दुकानदारीण ताठ उठून बसली. माल एकाकडेच आहे आणि गिऱ्हाईक गरजवंत आहे. असा सौदा आयुष्यात एकदाच येतो.

पुढचे चार महिने मी त्या सेक्रेटरीला फोनवर घोळवला. एक, वही विकत नाही, दोन वर्षांसाठी फक्त ठेवायला देणार. दोन, काकांचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत, काचेच्या पेटीवर. तीन, उद्घाटनाला काकांना आणि मला बोलवायचं, विमानाचं तिकीट तुमचं, मॅचला मालकांच्या शेजारी खुर्ची. तो ‘‘मॅडम, कमिटीला विचारतो’’ म्हणे. मी म्हणे, ‘‘विचारा. दुसरा एक क्लबही मागे लागलाय.’’ दुसरा क्लब वगैरे काही नव्हता. शेवटी तो सगळ्याला हो म्हणाला. मी त्या दिवशी दुकानातल्या मुलींना मस्तानी पाजली.

आठवड्याने काका म्हणाले, ‘‘तो कागद आला होता. मी सही करून पाठवला.’’

‘‘कुठला कागद?’’

‘‘क्लबचा. वही भेट दिल्याचा.’’

‘‘भेट? काका, मी त्यांना दोन वर्षांच्या बोलीवर आणलं होतं! तुम्ही कायमची दिलीत?’’

‘‘वही माझी आहे.’’

‘‘आणि घाम माझा! चार महिने जीभ झिजवली मी. कशाच्या बदल्यात दिलीत?’’

काका आत गेले. बाहेर आले ते नव्या टी-शर्टमध्ये. वळून पाठ दाखवली. पाठीवर थाई अक्षरांत काहीतरी लिहिलेलं.

‘‘माझं नाव आहे,’’ ते म्हणाले. ‘‘सेक्रेटरीने पाठवला. मुद्दाम छापून.’’

‘‘एका टी-शर्टवर? एका टी-शर्टवर विकलीत?’’

‘‘विकली नाही. दिली.’’

‘‘नंबर कुठाय? खेळाडूच्या पाठीवर नंबर असतो.’’

‘‘लिहिणाऱ्याला नंबर नसतो.’’

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. माशाच्या पाण्याची बाटली दाराबाहेर ठेवून बेल वाजवून मी खाली यायचे. सोळाव्या दिवशी ते दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘‘व्यापारीणबाई, विमानात खिडकी कुणाला?’’ मी म्हटलं, ‘‘मला.’’ तेवढंच मी वसूल केलं.

उद्घाटनाला आम्ही गेलो. एक गोष्ट कबूल करते, माझ्या राहिलेल्या अटी त्यांनी अक्षर न् अक्षर पाळल्या. विमानतळावर गाडी होती. हॉटेलात फुलं होती. आणि म्युझियमच्या मधोमध काचेच्या पेटीत ती लांबट लाल वही होती, बरोब्बर त्या पहिल्या सामन्याच्या पानावर उघडून ठेवलेली. पेटीवर काकांचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत.

खाली थाईत आणि इंग्रजीत मजकूर होता. काका थाई वाचत होते, मी इंग्रजी. त्यात लिहिलं होतं की गिरणीतल्या भारतीय कारकुनाने आपल्या हस्ताक्षरात केलेली ही नोंद आहे, पहिल्या सामन्याची, ज्यात आमच्या संस्थापकांच्या चिरंजीवांनी क्लबचा पहिला गोल केला.

मी पुन्हा वाचलं. वर मराठीत बुनमी. खाली इंग्रजीत चिरंजीव. दोन्हींच्या मध्ये फक्त काच. आणि त्या सबंध देशात ते वरचं वाचू शकणारी माणसं त्या क्षणी दोनच होती की काय कोण जाणे, पण त्या खोलीत तरी आम्ही दोघंच होतो.

तेव्हा मला बाहेरचा पितळी पुतळा कुणाचा ते समजलं.

खरं सांगायचं तर चूक माझी. दादरच्या एका व्यापाऱ्यासाठी मी सहा वर्षं गाऊन शिवले होते. कापलेले मी, शिवलेले मी, आणि कॉलरला लेबल त्याचं. तेव्हापासून मी कुठलाही माल घेताना आधी लेबल बघते. आणि इथे चार महिने तासन् तास बोलून, नाव किती मोठं, खुर्ची कुठे, तिकीट कुणाचं, हे सगळं ठरवलं. पण पेटीखाली काय लिहाल, हे विचारायचं मला सुचलं नाही. वही मराठीत आहे म्हणजे ती स्वतःच बोलेल असं मी धरून चालले. तिथे ती कोण ऐकणार, हा विचारच मनात आला नाही.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग काचेवर वाकले आणि मोठ्या आवाजात वाचू लागले. ‘‘आज खळ्यावर सामना. समोर पोलीस...’’ खोलीत शंभरेक माणसं होती. खेळाडू, फोटोग्राफर, शाळेची मुलं, आणि चिरंजीव आता हयात नसल्यामुळे त्यांचा मुलगा, क्लबचा आजचा मालक. सगळे त्यांच्याकडे वळले. काकांनी उसाचा रस वाचला. बुनमीचा गुडघा वाचला. ‘‘हात लागला नाही, मी पाहिले,’’ हे त्यांनी मालकाकडे बघून दोनदा वाचलं. आणि ‘‘आपण एक, पोलीस शून्य’’ म्हणून सरळ उभे राहिले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकाने पुढे होऊन हात जोडले आणि काकांच्या गळ्यात हार घातला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने आपल्या बापाचं कौतुक वाचलं.

मग काकांनी तेच थाईत सांगायला सुरुवात केली. पण पन्नास वर्षांपूर्वीची हमालांची थाई ती. मुलं खुदकन हसली. दोन वाक्यांत सेक्रेटरीने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, माईक घेतला आणि गोड हसत काहीतरी भराभर बोलला. पुन्हा टाळ्या.

‘‘काय म्हणाला तो?’’ मी काकांना विचारलं.

‘‘म्हणाला, पाहुण्यांना भावना आवरत नाहीयेत.’’

मी सेक्रेटरीला कोपऱ्यात घेतलं. माझा आवाज कसा लागला असेल ते लालबागच्या फुटपाथला विचारा. मी म्हटलं, खाली खोटं लिहिलंय. गोल बुनमीने केला. तुमचे साहेब खुर्चीवर बसून रस पीत होते.

तो म्हणाला, ‘‘मॅडम, मला मराठी येत नाही.’’

‘‘मला येते. मी सांगतेय ना!’’

‘‘मॅडम, तुम्ही कृपा करून समजून घ्या. पुतळा आधीच झाला.’’

‘‘मग खाली बोर्ड बदला. पुतळा नका हलवू, पाटी बदला. दोन ओळी आहेत.’’

‘‘कमिटीला विचारतो,’’ तो म्हणाला, आणि मला मॅचचा पास दिला.

इतक्यात काका आले. ‘‘चल, आरडाओरडा करू नकोस. टॉस होतोय.’’

मालकांच्या शेजारी त्यांची खुर्ची होती. माझी मागच्या रांगेत. सबंध स्टेडियम गोणपाटाच्या रंगाचं झालं होतं आणि वीस एक हजार माणसं एका सुरात काहीतरी गात होती. काकांनी पिशवीतून नवी कोरी वही काढली, पेन उघडलं, आणि पुढचे दोन तास लिहीत राहिले. कोण उतरला, कुणाला पिवळं कार्ड, कोणत्या मिनिटाला काय. मी पाठीमागून त्यांचं ते वाकलेलं डोकं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पोतेवाले दोन गोलने जिंकले. काका लहान मुलासारखे उभे राहून ओरडले. शेजारच्या मालकाने त्यांना मिठी मारली आणि काकांनीही मारली.

परतीच्या विमानात मी विचारलं, ‘‘तुम्हाला राग येत नाही?’’

‘‘येतो.’’

‘‘मग मिठी कसली मारलीत?’’

‘‘गोल चांगला होता. डावीकडून आला, बघितलास ना?’’

मी खिडकीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने मीच पुन्हा विचारलं, ‘‘बुनमी असता तर काय म्हणाला असता?’’

काका म्हणाले, ‘‘हसला असता. गोलचं त्याला काही नव्हतं. म्हणाला असता, रस त्यालाच का दिलात? पोती तर मी उचलत होतो.’’ आणि त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मुंबई येईपर्यंत पुन्हा लावला नाही.

त्यानंतर दोन मोसम काकांनी पाहिले. नवी वही अर्धी भरली. गेल्या श्रावणात ते गेले. गिरगावात त्यांचे जे कोणी नातेवाईक आहेत ते इमारतीचं काय करायचं ते बघतायत, आणि माझं दुकान तूर्त आहे तिथे आहे. ते भांडण वेगळं, तेही मी भांडणार आहे. काकांच्या बाबतीत माझी तक्रार एवढीच की माणूस जन्मभर सगळ्याच्या आधी दीड तास हजर राहिला आणि स्वतःच्या हक्काच्या वेळी मात्र मॅच बघत बसला. पण त्यांच्यासारखं मला बसता येत नाही. मी तेवढी खानदानी नाही.

म्हणून हे छापायला देतेय. त्या पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, तो सोबत जोडलाय. गिरगाव, दादर, परळहून आता घरटी एक माणूस थायलंडला फिरायला जातो. हत्ती बघता, बाजार बघता, तर अर्धा दिवस काढून पोतेवाल्यांच्या त्या गावीही जा, वाट मी दुकानात सांगेन. काचेसमोर उभे राहा आणि वरचं पान मोठ्याने वाचा. टाळ्या वाजल्या तर थांबू नका, पुन्हा वाचा. नाव काढलं की कुणाला तरी कळेलच. बुनमी हे नाव त्यांच्याच भाषेतलं आहे.

आणि सेक्रेटरीसाहेब, तुम्हाला मी अकरा ईमेल केल्या. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत’ एवढंच उत्तर येतं. प्रेम मी केलेलं नाही, प्रश्न केलाय. कमिटीला विचारून झालं असेल तर सांगा. कुणाकडून तरी हे वाचून घ्या, मराठी येणारी माणसं आता बँकॉकमध्ये हवी तितकी आहेत, पत्ता मी देते. पुतळा आधीच झाला होता, हे मला तुम्ही सांगितलंत. मान्य. पण गोल त्याच्याही आधी झाला होता. तो कुणी केला, तेवढं बोला.